तीन प्रतींत गाऱ्हाणं

आचऱ्याच्या खाडीला ओहोटी लागली की
द्वारका तारी काष्टा मारून गुडघाभर पाण्यात उतरते.
टोपलीआधी आता ती बाटली बुडवते.
बाटलीवर माझ्या अक्षरात: क्र. ४, पुलाखाली.
मग एक थेंब काचेवर, नळी डोळ्याला, तोंड सूर्याकडे,
आणि काठावरच्या मला ओरडून सांगते,
"एकोणतीस गो! काल सत्तावीस."
मी लिहिते.

तिसऱ्या का मरतात, हा प्रश्न माझा नव्हताच.
दोन वर्षांमागे बाजारात वाटे लावता लावता
तिनंच तो विचारला होता:
शंभरातल्या साठ उघड्या, आत नुसता चिखल.
मी त्याला शीर्षक दिलं,
आणि चार उद्दिष्टं,
कारण नमुन्यात चार ओळी रिकाम्या होत्या.

अनुदानाचा अर्ज म्हणजे काय, हे तिला समजावणं सोपं गेलं.
गाऱ्हाणंच गो. बा देवा म्हाराजा...
फक्त नारळाच्या जागी पॅन क्रमांक,
आणि मागे उभं राहून "व्हय म्हाराजा" म्हणायला
दोन तज्ज्ञ, सहीशिक्क्यासह.

मागितले सहा लाख चाळीस हजार.
पास्कोलची होडी, दिवसाला सातशे.
बाटल्या. बर्फ. मालवणला जायचं एसटीचं भाडं.
द्वारकेचं मानधन.
या ओळीवर समितीतले एक गृहस्थ पडद्यातून म्हणाले,
"लाभार्थीला मानधन कसं? लाभार्थी लाभ घेतो."
शेजारच्या बाईंनी विचारलं, "यात नवोन्मेष कुठे आहे?"
मला काही सुचेना.
रेंज गेल्यासारखं दाखवून
मी थोडा वेळ खुरसणीचं झाड बघत बसले.

मिळाले तीन लाख दहा.
पहिला हप्ता फेब्रुवारीच्या वीस तारखेला,
खर्च एकतीस मार्चच्या आत.
खाडीला मार्च ठाऊक नाही.
लेखापरीक्षकानं लाल पेनानं एकच गोल केला:
नारळ एक, रु. ३५. प्रयोजन?
पहिली बाटली बुडवायच्या आधी द्वारकेनं तो पाण्यात सोडला होता.
मी लिहिलं, स्थानिक समन्वय.
ते मंजूर झालं.
दुसरा हप्ता अजून वाटेत आहे.

मे महिन्यात पैसे संपले.
सातेरी बचत गटाच्या बैठकीत एकेचाळीस जणी,
खाली चटई, वर पंखा, तोही बंद.
द्वारका उभी राहिली, पदर खोचला, डोळे मिटले,
आणि देवाला नव्हे, गटालाच गाऱ्हाणं घातलं:
आकड्याक खंड पडता नये.
"व्हय म्हाराजा," एकेचाळीस जणी.
टोपलीमागे पाच रुपये. सात मिनिटांत ठराव.
कोणी शिफारसपत्र मागितलं नाही.

हे फार छान झालं, असं मी अहवालात लिहिणार नाही.
ज्यांच्या तिसऱ्या मेल्या
त्यांनीच त्या मरणाच्या तपासाचा खर्च का भरावा?
आणि पाच रुपयांत बाटल्या येतात,
प्रयोगशाळा येत नाही.
सतरा नमुने पास्कोलच्या बायकोच्या फ्रीजमध्ये आहेत,
बांगड्यांच्या शेजारी.
रोज एकदा ती विचारते, कधी नेतेस?

नवरात्राच्या आदल्या दिवशी पुलाखाली एकवीस.
दुसऱ्या सकाळी चार.
द्वारकेनं नळी पुसली, परत बघितलं.
चारच.
मग ती वरच्या अंगाला, खारबंधाऱ्याकडे वळली
आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.
"कोणीतरी झडप उघडल्यान."
एवढंच बोलली.
अडवलेलं गोडं पाणी एका रात्रीत खाली आलं असेल.
असेल. एका आकड्यावर मी "असतं" लिहू शकत नाही.
त्याला अजून एक वर्ष लागेल,
आणि वर्षाला किती लागतात ते वर आलंच आहे.

नवीन अर्ज भरतेय.
अपेक्षित निष्पत्ती, शब्दमर्यादा पन्नास.
वहीत पुढच्या पानावर रकाने आखून ठेवलेत:
तारीख, वेळ, भरती की ओहोटी, खारटपणा, झडप.
एक रकाना जास्तीचा आखला गेला.
खोडायला गेले तर द्वारकेनं हात धरला,
ओला, चिखलाचा.
"ऱ्हवांदे गो. लागतलो."